चैत्र ते फाल्गुन : एक पुस्तक

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझ्या ओळखीतल्या वाचणाऱ्या माणसांचे हिशेब सुरू होतात. कुणाची चाळीस झालेली असतात, कुणी एकोणपन्नासवर अडलेलं असतं. बावन्न हा आकडा सगळ्यांचा लाडका, कारण वर्षाचे आठवडे तेवढेच. आठवड्याला एक पुस्तक, इतकं ते सरळ. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बोरिवलीला राहते. दर एक जानेवारीला ती फोनमध्ये आपला आकडा टाकते आणि मग वर्षभर निष्ठेनं तो पाळते. गुडरीड्स हे वाचकांचं संकेतस्थळ २००७ साली सुरू झालं आणि २०११पासून तिथे वर्षाचं उद्दिष्ट ठरवायची सोय झाली. आपण संख्या सांगायची. ते ती वर्षभरावर वाटून टाकतं आणि आपण कधीही उघडून पाहिलं तरी सांगतं, तुम्ही दोन पुस्तकं पुढे आहात, किंवा तीन मागे.

या आकड्याबद्दल मला आदर आहे. माझ्या मैत्रिणीच्या घरी सकाळी तीन डबे भरायचे असतात, मुलांच्या शाळांच्या वेळा वेगळ्या, सासूबाईंची औषधं तासातासाला. अशा घरात बाईनं रात्री साडेनऊला पुस्तक उघडून बसणं हे घरच्यांना काम वाटत नाही. तिला हाक मारायला हरकत नाही, असंच सगळे धरून चालतात. पण ‘माझी तीन पुस्तकं मागे पडलीत’ हे वाक्य घरात सगळ्यांना कळतं. नवऱ्याला टार्गेट माहीत आहे, मुलांना पोर्शन माहीत आहे. त्या वाक्यावर तिला अर्धा तास मिळतो आणि त्या अर्ध्या तासात कुणी हाक मारत नाही. आकड्यानं दुसरं काहीही केलं नसतं तरी एवढ्यासाठी मी त्याची बाजू घेतली असती. उपनगरातल्या माणसाचा दिवस आधीच प्रवासात कापला जातो. उरलेल्यातला तुकडा वाचनाच्या नावावर लिहून घ्यायला काहीतरी आधार लागतोच.

माझी अडचण वेगळी आहे. हा हिशेब मांडताना आपण मुकाट्यानं एक गोष्ट धरून चालतो : पुस्तक म्हणजे एक. कुठलंही पुस्तक, एक.

विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ १९३९ सालचं. हातात घेतलं तर पातळ, एका बैठकीत संपेल असं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर घर सोडून निघालेले ज्यू, आणि त्या थोड्या दिवसांत चक्रधर आणि हॅर्टा यांच्यात जे घडतं ते. मैत्रिणीनं ते ऑक्टोबरमध्ये घेतलं. ऑक्टोबर हा आकड्यावर चालणाऱ्या वाचकाचा कठीण महिना. वर्ष सरत आलेलं असतं आणि फोनमधली उद्दिष्टाची पट्टी अजून भरलेली नसते. वाचनालयात तिच्याबरोबर उभी असताना मी पाहिलं, ती कपाटातलं पुस्तक काढायची, मागून उघडायची, शेवटच्या पानाचा आकडा बघायची, मग टाइप किती बारीक आहे ते, आणि मग मुखपृष्ठ. ‘रणांगण’ अशा रीतीनं तिच्या हातात आलं. दोन रात्रींत संपलं. त्यानंतर आठ-दहा दिवस तिला दुसरं काही उघडवेना. जेवताना डबा उघडून ती हॅर्टाबद्दल बोलायची, बोटीवरच्या माणसांचं पुढे काय झालं असेल म्हणून बोलायची. फोन मात्र तिला सांगत होता, तुम्ही मागे पडत आहात. त्या आठ-दहा दिवसांत ती वर्षातलं सगळ्यांत खोल वाचन करत होती असं माझं मत आहे, आणि तेच दिवस तिच्या हिशेबात तोट्याचे ठरले होते.

पातळ पुस्तक हलकं असतंच असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची, तीही अंगानं लहान. उलट काही जाडजूड कादंबऱ्या उतारावरच्या पाण्यासारख्या वाहून जातात आणि मागे फारसं काही ठेवत नाहीत. पानांवर मोजलं तर न्याय होईल असं काही जण म्हणतात, पण पानांनीही तो होत नाही. कवितेचं काय करायचं? मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या, ‘आणखी काही कविता’ १९५१ साली. कवितासंग्रह ‘संपला’ असं कुठल्या दिवशी लिहायचं?

मी मुलुंडची. घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोनं अंधेरी. सकाळी लोकलमध्ये पुस्तक काढता येत नाही. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, प्रत्येक ठिकाणी बायका चढत राहतात आणि वर कडीला धरलेला हात खाली घ्यायला जागा उरत नाही. पुस्तक बाहेर निघतं ते मेट्रोत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली. साडेअकरा किलोमीटरांच्या आतला मार्ग, बारा स्थानकं, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-बावीस मिनिटं, आणि मी तर अंधेरीलाच उतरते. जागृतीनगर गेलं की असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं दिसतात, साकीनाक्याला माणसांची अदलाबदल होते, मरोळ नाक्यानंतर पान उलटण्याइतकी मोकळीक मिळते. इतक्या वेळात कादंबरीचं एक प्रकरण क्वचितच होतं. कविता होते. जाताना एक कविता, येताना तीच कविता, असं मी मर्ढेकर वाचले आहेत. सकाळी जी ओळ नुसती ऐकू आली होती ती संध्याकाळी थकलेल्या अंगानं परत वाचली की तिचा अर्थ उघडा पडायचा. हे वाचन कुठल्या पट्टीवर कसं भरायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या घरी नोंद ठेवायची रीत बाबांची. ते बँकेत होते. नव्या वर्षाच्या ज्या डायऱ्या वाटून उरायच्या त्यातली एक ते वाचनासाठी ठेवत. पट्टीनं रेघा मारून चार रकाने : तारीख, पुस्तक, कुठून आणलं, शेरा. अनुक्रमांकाचा रकाना नव्हता. मला लहानपणी ते विचित्र वाटायचं, कारण बाबा बाकी सगळ्याला क्रमांक देत, विजेच्या बिलांनासुद्धा. त्यांची वही आता माझ्याकडे आहे. तीत ‘तारीख’ या रकान्यात कधी एकच तारीख आहे, कधी ‘श्रावणभर’ असं लिहिलंय. आणि शेरे. एका जागी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आहे आणि पुढे लिहिलंय : ‘तिसऱ्यांदा. या वेळी फक्त गांधारी.’ एका जागी : ‘पान १४०वर थांबलो. पाऊस संपल्यावर पुन्हा धरू.’ मग दोन पानांनंतर, दसऱ्याच्या सुमारास, तेच नाव पुन्हा आणि पुढे ‘१४१पासून’.

‘युगान्त’ १९६७चं. महाभारतातल्या माणसांवरचे लेख. बाबांनी एका वर्षी त्यातला एकच लेख परत वाचला आणि त्याला वहीत एक ओळ दिली, बाकीच्या पुस्तकांना दिली तेवढीच. आज त्या ओळीकडे बघताना कळतं की त्या वर्षी त्यांना काय हवं होतं. आजी त्याच वर्षी अंथरुणाला खिळली होती आणि घरात सगळे तिच्याभोवती सांभाळून वागत होते. गांधारी त्यांनी का काढली असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, पण नोंद आहे म्हणून निदान प्रश्न तरी पडला.

त्या वहीत दिवाळी अंकांना वेगळी पानं आहेत. मराठीत हे असायलाच हवं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या वाचनवर्षाला स्वतःचा एक हंगाम आहे. तो जानेवारीत सुरू होत नाही. उपनगरातल्या कितीतरी वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. एकदा पैसे भरायचे आणि मग एकेक अंक घरी न्यायचा, परत आणायचा, दुसरा न्यायचा. खाकी कव्हर घातलेले अंक दिवाळीनंतर फिरायला लागतात ते होळी उलटली तरी फिरत असतात. तोवर कडा मऊ पडलेल्या असतात, शब्दकोडी कुणीतरी पेन्सिलीनं सोडवून ठेवलेली असतात, आणि चांगल्या कथेच्या पानावर अंक आपोआप उघडतो, कारण तिथेच तो सगळ्यांनी उघडा धरलेला असतो. एका हंगामात माणूस अशा अंकांतून कथा वाचतो, लेख वाचतो, कुठल्या तरी गावच्या धरणाबद्दल, कुठल्या तरी गायिकेबद्दल वाचतो, आणि हे सगळं मिळून ‘पुस्तक’ होत नाही म्हणून वर्षाच्या बेरजेत शून्य धरलं जातं. माझ्या आईचं निम्मं वाचन दिवाळी अंकांतलं आहे. तिला कुणी विचारलं, यंदा किती पुस्तकं वाचलीस, तर ती ‘फार नाही’ म्हणते. हे ऐकून मला वाईट वाटतं.

वाचनालयांची स्वतःचीही एक मोजणी होती, आणि ती उलट्या बाजूनं होती. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३चा. मुंबई मराठीच्या शाखा नंतर शहरभर पसरल्या, आणि मुलुंडला आम्हा लोकांसाठी महाराष्ट्र सेवा संघ होता. अशा जागी मिळणाऱ्या पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर परत करायच्या तारखांचे शिक्के. शिक्के कधी सरळ रांगेत, कधी तिरपे, शाई कधी जांभळी कधी काळी. वाचकानं किती पुस्तकं वाचली ते तो कागद सांगत नाही. पुस्तक किती घरी जाऊन आलं ते सांगतो. मी एखादं जुनं पुस्तक घेतलं की आधी तो कागद बघते. एखाद्यावर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं शिक्क्यांची दाटी असते, कागद भरला म्हणून त्यावर दुसरा चिकटवलेला असतो, आणि मग एका तारखेनंतर बरीच वर्षं काही नाही, थेट माझी तारीख. अशा पुस्तकाचा मी बहुधा दोनदा शिक्का मारून घेते. आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर नोंद होते आणि नव्या पुस्तकांत तो कागद नसतो. सोय झाली हे खरंच, पण पुस्तकाच्या बाजूचा हिशेब वाचकाच्या नजरेआड गेला.

नोंदी ठेवणारे वाचक जगात सगळीकडे झाले आहेत. चार्ल्स डार्विननं १८३८पासून १८६०पर्यंत वाचनाच्या वह्या ठेवल्या. वाचायची पुस्तकं एकीकडे, वाचलेली दुसरीकडे, आणि काहींपुढे वरवर चाळल्याची प्रामाणिक नोंदही. अमेरिकेतला गायक आर्ट गारफंकेल १९६८पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवत आला आहे. पण मला जवळचं वाटतं ते सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. लोकवाङ्मय गृहानं काढलेल्या या पुस्तकाला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काळसेकर कवी, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले, आणि पोटासाठी बँकेत नोकरी करणारे. त्यांच्या त्या पुस्तकात एक वाचणारा माणूस आपल्याला सतत चालताना दिसतो. एका पुस्तकावरून दुसऱ्यावर, पुस्तकावरून मित्रावर, मित्रावरून एखाद्या दुकानावर. त्यातून काळसेकरांनी एकूण किती वाचलं ते कळत नाही. एक पुस्तक हातात कसं येतं आणि मग ते माणसाला कुठे नेतं, हे कळतं. वाचनाची नोंद हा मराठीत एवढ्या मानानं वाचला जाणारा लेखनप्रकार होऊ शकतो, याचा मला अभिमान आहे. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ही त्याच वाटेवरचं, जरा भारदस्त पावलांचं.

आणि उद्दिष्ट ठरवून, वेळ आखून वाचणं हे आपल्याला फोननं शिकवलं असंही नाही. दत्तजयंतीच्या आधी घाटकोपरला आमचे आजोबा गुरुचरित्राचा सप्ताह करत. पोथी सात दिवसांत पुरी करायची. कुठल्या दिवशी कुठवर वाचायचं ते ठरलेलं. प्रचलित असलेल्या विभागण्यांपैकी त्यांची ही होती : पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, चौथ्या दिवशी पस्तिसाव्यापर्यंत, पाचव्या दिवशी अडतिसाव्यापर्यंत, सहाव्या दिवशी त्रेचाळिसाव्यापर्यंत, आणि सातव्या दिवशी उरलेले सगळे. लहानपणी ही पाटी तोंडपाठ झाली होती, पण तिच्याकडे नीट पाहिलं ते मोठेपणी. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी बारा, आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. बावन्न-त्रेपन्न अध्यायांना सातानं भागून रोजचे सात-आठ असं कुणी केलेलं नाही. कारण पाचव्या दिवशी छत्तिसावा अध्याय येतो, आणि तो आचारधर्माचा अध्याय चांगलाच लांब आहे. ज्यांनी ही विभागणी केली त्यांनी पोथी आतून वाचलेली होती. कुठे वाचणाऱ्याची जीभ जड होईल, कुठे बैठक लांबेल, ते त्यांना माहीत होतं. आजोबा पाचव्या दिवशी पहाटे लवकर बसत.

आजोबांच्या त्या वाचनातली दुसरी गोष्ट म्हणजे ते दर वर्षी तीच पोथी वाचत. गेल्या वर्षी झाली म्हणून यंदा नको, असा विचार त्या वाचनात बसतच नव्हता. श्रद्धेचा भाग सोडून मी इथे फक्त वाचक म्हणून बोलते आहे. एकच ग्रंथ वर्षानुवर्षं, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या टप्प्यांनी वाचणाऱ्या माणसांच्या आपण नाती आणि नातवंडं. पुन्हा वाचणं म्हणजे मागे पडणं, हे आपल्याला अलीकडे वाटायला लागलं आहे.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजी ती लिहायला बसले आणि बराचसा भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. १९३५ साली पुस्तक आलं. लिहिताना एवढा वेग, पण पुस्तकाची रचना रात्रींची. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम रोज एक आठवण सांगतो. प्रकरणांना रात्र पहिली, रात्र दुसरी अशी नावं, अशा बेचाळीस रात्री. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं हे पुस्तक पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्तानं, एका दुपारी संपवलं. शाळेत जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस होतं. वाचलंस ते सांग म्हटलं तर तिनं सगळ्या प्रसंगांची यादी भराभरा सांगितली, चुकली कुठेच नाही. हुशार मुलगी आहे. मी तिच्या आईला म्हटलं, पुढच्या वर्षी हेच पुस्तक हिला रात्री एक याप्रमाणे दे. बेचाळीस रात्री म्हणजे सहा आठवडे. गुरुजींनी वेळापत्रक पुस्तकातच घालून ठेवलं आहे, आपण फक्त पाळायचं. आईला ते पटलं. बक्षिसाचं कसं करायचं ते मात्र तिला कळेना, आणि मलाही त्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. मुलांच्या वाचनाला बक्षीस लावताना मोठ्यांनी संख्या सोडून दुसरं काहीतरी शोधलं पाहिजे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पुस्तकाला स्वतःची चाल असते, हे मला पुरेपूर पटलं ते दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मुळे. १९५६चं पुस्तक. मराठी महिन्यांचे लेख, चैत्रापासून. कॉलेजात असताना मी ते दोन दिवसांत वाचलं होतं आणि ‘सुंदर आहे’ एवढंच मत झालं होतं. मग एका गुढीपाडव्याला ठरवलं की चैत्र चैत्रातच वाचायचा. पुढचं पान वैशाख लागल्याशिवाय उघडायचं नाही.

पहिल्या महिन्यात फार कठीण गेलं. लेख संपला की हात पुढच्या पानाकडे जायचा. पुढचं वाचायचं नाही म्हटल्यावर तेच परत वाचलं, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा वाचताना मान वर करून बाहेर बघायला लागले, कारण दुर्गाबाई ज्याबद्दल बोलतात ते सगळं बाहेर चाललेलंच होतं. मुलुंड स्टेशनजवळच्या पिंपळाला तांबूस, तेलकट चकाकीची पालवी आली होती. त्याखालून मी कितीतरी वर्षं गाडी पकडायला धावत होते. वैशाखात आमच्या रस्त्यावर बहावा पिवळाधमक लोंबत होता. आषाढात येऊरच्या बाजूचा डोंगर ढगात गेला तो दिवस दिवस दिसेना, आणि त्या महिन्याचा लेख मी गाडी कुर्ल्याच्या अलीकडे पाण्यात अडकलेली असताना, एका कामासाठी दादरला निघाले होते तेव्हा, पूर्ण वाचला. आश्विन-कार्तिकात संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरलं की सातविणीचा वास यायचा, गोड आणि डोकं जड करणारा. माघात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं काटेसावर लाल झाली, पानं नाहीत, नुसती फुलं. प्रत्येक लेख मी त्या त्या महिन्यात किती वेळा वाचला ते मोजलेलं नाही. पौषातला लेख वाचताना मात्र जाणवलं की वर्षभर मी दुर्गाबाईंच्या डोळ्यांनी माझंच उपनगर बघते आहे, जे मला पाठ आहे असं मी समजत होते. बाई झाडाकडे बघताना त्याचं नुसतं रूप बघत नाहीत, त्याच्याभोवतीच्या गोष्टी, गाणी, समजुतीही बघतात. कुणाच्या अंगणात काय लावलंय आणि का, हे मला तेव्हापासून दिसायला लागलं.

चैत्र ते फाल्गुन म्हणजे मार्च-एप्रिल ते पुढचा मार्च. मैत्रिणीनं फोनमध्ये माझ्या नावानं हे पुस्तक घालायचा प्रयत्न केला. एका वर्षात सुरू, दुसऱ्या वर्षात पूर्ण. तेव्हा पहिल्या वर्षाच्या बेरजेत काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षाच्या बेरजेत एक. तिला माझ्या वतीनं हळहळ वाटली. पण मी त्या वर्षी जेवढी वाचक होते तेवढी आधी कधीच नव्हते, हे तिला दिसत होतं, कारण ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांची नावं तिलाही मीच सांगत होते. त्याच दुपारी आम्ही दोघींनी बसून एक वही आखली. आकडा तिनं सोडला नाही, आणि तो सोड असं मी तिला म्हणणारही नाही. तिच्या अर्ध्या तासाचा तोच राखणदार आहे. बावन्नचे तिनं तीस केले. त्याच्या जोडीला वही, आणि वहीत बाबांच्या रकान्यांत एकाची भर : ‘कशी चाल’. म्हणजे हे पुस्तक कसं वाचायचं ठरवलं आहे. सलग, रोज थोडं, एक सोडून एक दिवस, महिन्याला एक लेख, जाता-येता तीच कविता. पुस्तक हातात घेतल्यावर पहिली वीस-पंचवीस पानं वाचून मगच हा रकाना भरायचा, कारण चाल कुठली ते पुस्तकच सांगतं. एखादं वाचून झाल्यावर काही दिवस दुसरं उघडवलं नाही तर तीही ओळ लिहायची : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, ‘रणांगण’च चालू. पुस्तक मिटलेलं असलं तरी.

अर्धवट सोडलेल्यांनाही जागा आहे. पान क्रमांक घालून. तिथे परत यायचं असेल तर तसं, नसेल तर का नाही ते, एका वाक्यात. मैत्रिणीच्या वहीतला हा भाग सगळ्यांत वाचनीय झाला आहे. एक जाडी ऐतिहासिक कादंबरी तिनं तीनदा सोडली, तिन्ही वेळा वेगळ्या पानावर, आणि तिन्ही वेळची कारणं वाचली तर तिच्या घरातल्या तीन वर्षांचा इतिहास हाती लागतो.

सध्या माझ्या वहीत ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. आईला आता बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचते. आईनं ते आधी दोन-तीनदा वाचलेलं आहे, त्यामुळे पुढे काय येणार हे तिला ठाऊक असतं आणि ती आधीच हसायला लागते. मध्येच थांबवते, तिच्या आजोळची एखादी गोष्ट सांगते, ती लक्ष्मीबाईंच्या गोष्टीशी कुठेतरी जुळलेली असते. त्यामुळे एका रात्रीत चार पानं झाली तरी पुष्कळ. चालीच्या रकान्यात मी ‘आईच्या मनाप्रमाणे’ असं लिहिलंय.

मैत्रिणीला हे सांगितलं तर तिनं लगेच नेमका प्रश्न काढला : वाचतेस तू, ऐकतात त्या, मग पुस्तक कुणाच्या खात्यावर? मी तो प्रश्न घरी नेला. आई म्हणाली, दोघींच्या, त्यात काय विचारायचं, आणि दिवाळी अंकही लिही माझे, खालच्या फळीवर आहेत ते सगळे. मग रविवारी आम्ही फळी काढली. अंक एकेक करून तिच्या हातात दिले, तिनं चष्मा कपाळावर सरकवून मुखपृष्ठं डोळ्यांजवळ धरून पाहिली, आणि कुठल्यातलं काय वाचलं ते सांगत गेली. मी लिहून घेतलं. अर्ध्या फळीपर्यंत आलो आहोत. बाकीचं पुढच्या रविवारी.